ऊन खाणारं घुबड

अचलपूरच्या जुन्या परकोटात, दुल्हा दरवाज्याच्या आसपासच्या भिंतींत आणि पडक्या वाड्यांच्या आढ्यांत, तिन्हीसांजेला जो पक्षी एकाएकी चिरक्या आवाजात भांडण काढतो तो पिंगळा. त्याला न ओळखणारा माणूस वऱ्हाडात सापडायचा नाही. कपाळापासून पाठीपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांची पखरण, मानेमागच्या फिकट कड्यामुळे भासणारा दुसरा चेहरा, वाटोळे पिवळे डोळे आणि माणूस जवळ आला की अंग खालीवर करत त्याला न्याहाळायची खोड. दिवसाचा बराचसा वेळ तो ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात डुलक्या काढतो आणि दिवेलागणीला कामाला लागतो. घुबडाच्या जातीबद्दल आपल्या मनात ज्या कल्पना आहेत, त्या बऱ्याचशा या शेजाऱ्यावरून बेतलेल्या.

परकोटातून उत्तरेकडे पाहिलं की गाविलगडाची रांग आडवी येते. तिच्या पलीकडे, मेळघाटच्या सागवानी उतारांवर, याच पिंगळ्याचा एक चुलतभाऊ राहतो आणि त्याने या सगळ्या कल्पना मोडीत काढल्या आहेत. तो सकाळी उठतो. निष्पर्ण झाडाच्या शेंड्याजवळ, कुणालाही दिसेल असा, ऊन खात बसतो. भर उजेडात शिकार करतो, आणि त्या शिकारीत सरडे, पाली, सापसुरळ्या यांचा वाटा मोठा असतो. हा रानपिंगळा. मेळघाटातून परतणाऱ्याला परतवाड्याच्या चहाच्या टपरीवर अजूनही एकच प्रश्न विचारला जातो, ‘वाघ दिसला का?’ विचारोत बापडे. वाघ दिसायला नशीब आणि डोळे पुरतात. रानपिंगळा नीट दिसायला मात्र आधी सरडे पाहावे लागतात, त्याआधी दगड, आणि त्याही आधी ऊन.

पण सुरुवात रूपापासून करू. दोघे भाऊ शेजारी बसवले तर पहिली नजर पिंगळ्यावर जाईल, कारण दागिने त्याच्या अंगावर आहेत. रानपिंगळ्याने ते जवळजवळ सगळे उतरवून ठेवलेत. माथा मातकट तपकिरी आणि कोरा. ठिपके असलेच तर शोधावे लागतील इतके पुसट. पाठही तशीच. छातीवर एक रुंद, गडद पट्टा, आणि त्याच्याखाली पोट एकदम स्वच्छ पांढरं. पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी फराट्यांची जी गर्दी असते तिचा इथे मागमूस नाही. सगळी नक्षी राखून ठेवली आहे ती पंखांसाठी आणि शेपटीसाठी: गडद आणि पांढरे रुंद पट्टे, शेपटीच्या टोकाला पांढरी कड. हा पक्षी चाळवला की शेपटी झटक्याझटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. म्हणजे स्थिर बसला असेल तेव्हा सालीत विरून जाणारा साधेपणा, आणि शेपटी हलली की लांबूनही वाचता येणारी ठळक खूण. जाणत्या विणकराने सगळा जीव काठपदरात ओतावा आणि अंग कोरं सोडावं, तसा हा संयम आहे.

खरं कोडं पायांत आहे. हा पक्षी जेमतेम तेवीस सेंटिमीटरचा, साळुंकीएवढा. पण त्याचे पाय पाहिले तर ते कुणा मोठ्या पक्ष्याकडून उसने आणल्यासारखे वाटतात: जाड, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी मढलेले, आणि त्यांना भक्कम नख्या. डोकंही अंगाच्या मानाने मोठं. कवितेत एखादी ओळ इतरांपेक्षा जड पडली की रसिक थबकतो, कारण कवीने ती उगाच जड केलेली नसते. या पायांपाशी तसंच थबकायला हवं. इवल्याशा पक्ष्याला एवढी पकड कुणासाठी लागते?

उत्तराकडे जाण्याआधी थोडा इतिहास. १८७२च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लूइट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम, त्याचं वर्णन छापलं, त्याला ब्लूइटचं नाव दिलं आणि पिंगळ्याहून वेगळी अशी स्वतंत्र प्रजातीही बहाल केली. (२०१८च्या जनुकीय अभ्यासाने त्याला परत पिंगळ्याच्या घरात आणून बसवलं.) जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही पक्षी जमवले. १८८४नंतर मात्र पक्षी नाहीसा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजून सात कातडी, बस्स.

त्या सातांतल्या एकाची कथा रसग्रहणाच्या अभ्यासक्रमात लावावी अशी आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या पक्षितज्ज्ञाने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी टिपल्याची नोंद ठेवली होती आणि नमुनाही दाखवला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. वरून भरणी नवी, पण आतली हाताळणी दुसऱ्याच कुणाची, आणि ती खूण पटली डेव्हिडसनच्या हाताशी. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी उचलून, पुन्हा भरून, वर खोटी चिठ्ठी लावलेली होती. जुन्या चित्रावर सही कुणाचीही असो, कुंचल्याचा फटकारा कुणाचा हे ओळखणारी नजर असते. इथे ती नजर कापसाच्या आणि दोऱ्याच्या पातळीवर पोचली. त्यांचा हा निबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात आला, पण त्याचं फळ त्याआधीच हाती लागलं होतं.

कारण खोटा पत्ता गळून पडला की खरे पत्ते तेवढे उरतात. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं धुंडाळली. तिथे काही हाती लागलं नाही, तेव्हा ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या उतारावर, पानं झडलेल्या झाडावर एक बुटका, डोकेदार पक्षी उन्हात बसलेला होता. एकशे तेरा वर्षं हरवलेला पक्षी आणि बसला होता कुठे, तर जिथे लपायला एक पान नाही अशा जागी! पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुडा पालथा घातला, तेव्हा मेळघाटातही तो सापडला. विदर्भातल्या पक्षिमित्रांनीही नंतर इथल्या नोंदींत भर घातली. चौराकुंडकडचं रान हा त्याचा आज सगळ्यांना ठाऊक असलेला पत्ता.

आता त्या उन्हाकडे वळू.

अचलपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर. कापसाच्या काळ्या रानातून आणि संत्र्याच्या बागांमधून निघालेला रस्ता पाहतापाहता साडेसातशे मीटर चढतो. हा सगळा डोंगर बेसाल्टचा, लाव्ह्याच्या आडव्या थरांवर थर. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, त्यामुळे उताराला आपोआप पायऱ्या पडतात: कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. पाऊस इथे कमी पडतो असं मुळीच नाही. पण तो सगळा चार महिन्यांत पडतो आणि पातळ मातीवरून खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या नद्यांवाटे तापीकडे पळून जातो. उरलेले आठ महिने डोंगर आपल्याच हाडांवर उभा असतो. या कोरडेपणाला दारिद्र्य समजणं ही घाटमाथ्याचं दाट हिरवं रान पाहून आलेल्या पाहुण्याची चूक. हा कोरडेपणा मोठा काटेकोर आहे. हिवाळा सरत येतो तशी सागाची ताटाएवढी पानं गळून जमिनीवर कुरकुरीत होतात, सालई आणि मोई उघड्या पडतात, धावडा विरळ होतो. पावसाळ्यात ज्या जमिनीवर कवडसाही पोचत नव्हता तिथे थेट ऊन येतं. काळा दगड ते पिऊन घेतो. रात्री पारा खूप खाली गेला तरी सकाळच्या तिरप्या उन्हात दक्षिणेकडे तोंड केलेला खडक लवकर कोमट होतो. उत्तरेचा खडक त्यामागून, सावकाश. त्या दोन उतारांत सकाळभर एक अंतर चालत राहतं. पायवाटेने जाताना हाताचा तळवा दगडावर ठेवून पाहिला तर ते अंतर कळतं. फक्त आधी फटीत कुणी नाही ना हे पाहावं.

कारण त्या फटीत बहुधा सापसुरळी असते. आपल्याकडे तिला ‘सापाची मावशी’ म्हणून बदनाम केलं आहे. ती बिचारी पूर्ण बिनविषारी. तिच्याकडे थांबून पाहणारे फार कमी, आणि ते नुकसान पाहणाऱ्यांचंच. पाठ कांस्याची. एकावर एक चढवलेले खवले इतके गुळगुळीत बसलेले की अंगावरून ऊन घरंगळतं. आपल्या गवतातल्या मोठ्या सापसुरळीच्या पाठीवरच्या खवल्यांना बारीक कणाही असतो, म्हणजे चकाकी एकसलग न पडता रेघारेघांनी मोडते. कोरड्या गवताच्या काड्यांमध्ये ही मोडलेली चकाकी हेच लपणं. खवल्यांच्या आत हाडांच्या इवल्या चकत्या असतात, त्यामुळे अंग लवचीक असूनही चिलखती. विणीच्या काळात नराच्या कुशीवर तांबूस-नारिंगी पट्टा उमटतो, तोही असा की वरून पाहणाऱ्या पक्ष्याला कमी आणि समोरून येणाऱ्या मादीला जास्त दिसावा. जाहिरात करायची, पण योग्य उंचीवर. ही हुशारी ज्याने योजली त्याला दाद द्यावी तेवढी थोडी.

शेपटीची युक्ती शाळेत शिकवतात, पण तिचा तपशील शिकवत नाहीत. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा आधीपासून आखलेल्या असतात. स्नायू आवळतात, मणका त्या रेघेवर दुभंगतो, रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात. तुटलेला तुकडा मागे वळवळत राहतो आणि मारेकऱ्याची नजर तिकडे खेचतो. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक सलग दांडी असते. जुन्या कलाकृतीची डागडुजी ओळखू यावी तशी ही दुरुस्तीही रंगावरून आणि खवल्यांच्या घडणीवरून ओळखता येते. शिवाय शेपटीत चरबी साठवलेली असते. म्हणजे जीव वाचतो, पण साठवलेली शिदोरी जाते. अशी दुरुस्त शेपटी घेऊन फिरणाऱ्या सापसुरळ्या कुठल्याही उतारावर भेटतात. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कुणाच्या तरी नख्यांतून हुकलेला घास.

आता या प्राण्याची सकाळ पाहा. सरपटणाऱ्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणायची आपली सवय मला कधीच आवडली नाही. दिवसा वावरणाऱ्या सरड्याचं अंग कामाच्या वेळी तीस-पस्तीस अंशांच्या घरात असतं, आपल्यापेक्षा फारसं कमी नाही. फरक एवढाच की तो ही ऊब पोटातल्या जेवणातून काढत नाही, दगडाकडून आणि सूर्याकडून घेतो. त्यासाठी तो अंग चपटं करतो, सूर्याला आडवा होतो, रंग गडद करतो. आपल्या कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याच्या माथ्यावर मधोमध एक खवला असतो, त्याच्याखाली प्रकाश जाणणारा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही. किती ऊन घेतलं, पुरे झालं का, याचा हिशेब तो ठेवतो. महाशिवरात्रीला सातपुड्यातल्या महादेवाकडे निघालेल्या वऱ्हाडी माणसाला या डोळ्याचं कौतुक वेगळं सांगायला नको.

तर हिवाळी सकाळी हा सगळा समाज एकाच वेळापत्रकावर बाहेर पडतो. उन्हाची तिरीप खडकावर आली की थोड्या वेळाने फटीच्या तोंडाशी नाक. मग अर्धं अंग. मग पूर्ण अंग, पण अजून जड, अजून मंद. पळण्याइतकी ऊब यायला वेळ लागतो, आणि ती घेण्यासाठी उघड्यावर पडून राहण्यावाचून इलाज नाही. ही मधली अवस्था, दिसण्याइतकं बाहेर पण निसटण्याइतकं चपळ नाही, हाच या उताराचा सगळ्यात नाजूक क्षण.

आणि नेमका त्याच क्षणावर वर फांदीवर रानपिंगळा बसलेला असतो. रात्री शिकार करणाऱ्या घुबडाला सापसुरळी मिळणार कशी? ती तर रात्री फटीत गोठून पडलेली. ज्या घुबडाला हे अन्न हवं त्याला दिवसाकडे सरकावंच लागणार. मग त्याचं ऊन खाणं हा निव्वळ ऐषाराम वाटत नाही. वर तो उबेला बसतो, खाली त्याचं भक्ष्य उबेला बसतं, दोघांचं घड्याळ एक. हे माझं वाचन आहे, पण सगळे धागे त्याच गाठीकडे जातात. उघडी फांदी, कारण खालची जमीन विनाअडथळा दिसली पाहिजे. कोरा माथा आणि तपकिरी पाठ, कारण आडोसा नाही. आणि ते दणकट पाय! उंदीर नख्यांत आला की आला. चिलखती, तुळतुळीत, पिळे मारणारी, शेपटी सोडून निसटू पाहणारी सापसुरळी धरून ठेवायला पकड लागते ती अशीच. ती जड ओळ इथे आपलं वजन सार्थ करते.

इश्तियाक-रहमानी यांच्या निरीक्षणांत या पक्ष्याच्या भक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक सरडे-सापसुरळ्या होत्या. ठिकाणागणिक आणि ऋतूगणिक हे प्रमाण बदलतं. उंदीर, टोळ, बेडूक, क्वचित लहान पाखरूही त्याच्या पानात असतं. मला त्यातलं वेळेचं नातं जास्त मोहवतं. जानेवारी-फेब्रुवारीत, रान उघडं होत असताना, त्यांच्या प्रणयाला भर येतो. नराची हाक पिंगळ्यासारखी चिरकी नसते, छोटी, गोलाई असलेली, दोन स्वरांची. सकाळच्या कोरड्या हवेत ती आकाराच्या मानाने बरीच लांब जाते. ढोलीत बहुधा दोन अंडी. मादी बसते, नर आणतो, मादी पिलांना भरवते. पिलं तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी ढोलीबाहेर येतात. म्हणजे नराच्या कष्टाचे दिवस नेमके तेव्हा, जेव्हा जमिनीवर सावली सगळ्यात कमी आणि पाचोळ्यावर सरपटणाऱ्या प्रत्येक जीवाचा आवाज सगळ्यात जास्त. सागाच्या वाळक्या पानावरून सापसुरळी मुकाट्याने जाऊच शकत नाही. झाडाने पान गाळून पक्ष्याला एकाच वेळी दृष्टीही दिली आणि कानही. पानगळीवर इतकं बारकाईने लिहिणारा निसर्गकवी मी दुसरा पाहिला नाही.

दहाच्या पुढे खडक तापतो आणि खेळाचे भिडू बदलतात. आता दगडावरची हवा वर उठू लागते. त्या उठत्या हवेवर आधी आवाज येतो, लांब शीळ, दोन-तीन तुकड्यांत, शेवटचा तुकडा ओढलेला. तो तुरेवाला सर्पगरुड. खालून पाहताना रुंद पंखांच्या मागच्या कडेलगत एक स्वच्छ पांढरा पट्टा दिसला की दुसरी खूण शोधायची गरज नाही. त्याचा थाट सकाळच्या बुटक्या पक्ष्यापेक्षा फार वेगळा, पण पायांचा धडा तोच. इतर कित्येक गरुडांच्या नळ्या पिसांनी मढलेल्या असतात, याच्या उघड्या आणि बारीक जाड खवल्यांच्या जाळीने झाकलेल्या. सापाचं विष पचवायची कुठलीही दैवी शक्ती त्याच्यात नाही; दात जिथे लागण्याचा संभव तिथे चिलखत, आणि बोटं आखूड व जाड. वेटोळं आवळून धरायला लांब बोटांपेक्षा आखूड बोटं बरी.

त्याच्याहून मला त्याचा उघड्या माळावरचा भाऊबंद अधिक प्रिय: आखूड बोटांचा सापमार गरुड. परतवाड्याकडून चढताना डावी-उजवीकडे जी बरडं लागतात त्यांच्यावर तो वाऱ्याला तोंड देऊन हवेत एका जागी लटकतो. पंख किंचित दुमडलेले, पाय थोडे सुटलेले, आणि डोकं जणू आकाशात खिळा मारून टांगलेलं. वारा अंग हलवतो, डोकं हलत नाही. गायकाने लयीत कितीही हेलकावे घेतले तरी षड्ज ढळू नये, तशी ही स्थिरता. साप पकडला की तो अख्खा गिळतो आणि घरट्याकडे निघतो. बऱ्याचदा सापाच्या शेपटीचं टोक चोचीतून लोंबत असतं. ते टोक आत ढकलायचा आळस म्हणून राहिलेलं नसतं. घरट्यातलं एकुलतं एक पिलू तेच टोक धरून मागे सरकत सरकत आईबापाच्या गळ्यातून अख्खा साप ओढून काढतं, आणि मग स्वतः गिळतं. भरवण्याची इतकी विचित्र आणि इतकी नेटकी रीत मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

दुपारच्या किरकोळ मैफलीवर धावती नजर टाकू. दसऱ्याला आपण नीलकंठ म्हणून ज्याचं दर्शन घेतो तो नीलपंख तारेवरून उतरून लहानसा सरडाही तेवढ्याच भक्तिभावाने उचलतो. भारद्वाज झुडपाच्या बुंध्याशी चालत चालत तेच काम करतो. पाण्यापासून कोसभर दूर, कोरड्या रानात बसलेला खंड्या पाहून पाहुणे चक्रावतात. त्याला मासे नसले तर पालही चालते. आणि खाटीक, चिमणीहून थोडासाच मोठा, बाभळीच्या काट्यावर शिकार टोचून ठेवतो. सापसुरळीच्या जाड पायांच्या वैऱ्याने जे पकडीने साधलं ते याने काट्याच्या उसन्या नखीने साधलं.

एप्रिल-मेमध्ये, ऊन डोक्यावर आग ओतू लागतं तेव्हा, पायथ्याच्या बरडावर एक वेगळाच प्रयोग लागतो. बोटभर लांबीचा पंखेवाला सरडा दगडावर चढतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. काही जातींत ती निळ्या, काळ्या, नारिंगी रंगांची, काहींत फिकट पांढरी, मधे निळसर रेघ. पंखा उघडला, मिटला, उघडला. मध्येच दुसरा नर दिसला की मागच्या दोन पायांवर उभा राहून धूम. त्याच्या मागच्या पायाला बोटं चारच, हीसुद्धा त्याच्या घराण्याची खूण. हा धाडसीपणा पाहून जीव टांगणीला लागतो, कारण वर ससाणे, शिक्रे, तिसे सगळे हजर असतात. पण घडी मिटली की उरतो तो मातीच्या रंगाचा एक खडा. दाखवायचं ते क्षणभर आणि लपवायचं ते कायम, हा तोल त्याने इतका पक्का साधला आहे की आपण टक लावून बसलो तरी पंखा मिटल्यावर तो पुन्हा सापडत नाही.

रात्रीचा भाग लांबवत नाही, पण दोन जणांना वगळणं अन्याय होईल. पहिली, सातपुड्याच्याच नावाने २०१४ मध्ये शास्त्रात दाखल झालेली बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. भिंतीवरची आपली पाल डोळ्यांवरून जीभ फिरवते, कारण तिला पापण्या मिटता येत नाहीत. हिला खऱ्या, मिटणाऱ्या पापण्या आहेत. उलट पायांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, म्हणून ती भिंत चढत नाही, चार पायांवर अंग उचलून जमिनीवर डौलात चालते. विषारी समजून तिला मारतात. तिच्याकडे विष नाही, फक्त चाल आहे. दुसरा, फुरसं. कोरड्या प्रदेशातल्या सापाला फुत्कार टाकणं महाग, श्वासाबरोबर ओलावा जातो. फुरसं अंगाचे वळसे एकमेकांवर घासतं. कुशीचे खवले तिरपे आणि करवतीच्या दात्यांचे, त्यांतून कढईत वाळू परतल्यासारखा आवाज निघतो. पाण्याचा थेंबही न खर्चता दिलेला हा इशारा आहे, असं त्याचं स्पष्टीकरण अभ्यासक देतात, आणि ते ऐकल्यावर या डोंगराच्या काटेकोरपणाची आणखी एक पावती हातात पडते. अर्थात ती दुरूनच घ्यावी.

एवढं सगळं वाचून कुणी जानेवारीत निघालंच, तर एक सांगणं. या काळात रानपिंगळा ध्वनिमुद्रित हाकेला हमखास उत्तर देतो, आणि म्हणून फोटोच्या घाईत असलेली मंडळी खिशातून मोबाइल काढतात. नर प्रतिस्पर्धी आला समजून येतो, शेपटी झटकत राहतो, हद्द राखण्यात गुंततो. जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला, सगळे मिळून हजाराच्या आतच उरलेला असा मानला जाणारा पक्षी. आणि आपण त्याच्याकडून मागतो ती नेमकी सापसुरळ्या सुस्त असण्याची वेळ. खडक पुरता तापला की त्या पळायला लागतात, मग त्याला तीच शिकार दुप्पट कष्टाने करावी लागते. त्यापेक्षा सूर्य उगवल्यावर पूर्वेचं ऊन ज्या उताराला आधी लागतं तो उतार निवडावा, वठलेल्या किंवा निष्पर्ण झाडांचे शेंडे एकेक करून दुर्बिणीने तपासावेत आणि एखाद्या फांदीवर कोऱ्या माथ्याचा, पांढऱ्या पोटाचा गोळा दिसला की तिथेच थांबावं. तो खाली पाहत असेल तर आपणही खालीच पाहावं. काय दिसतंय ते त्याला आपल्याआधी कळलेलं असतं.